महाड-पोलादपूरचे ढोलवाले

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाशी, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरचे एक म्हातारे गृहस्थ आमच्या युनियनच्या कचेरीत आले. वय सत्तरीच्या पलीकडचे, अंगात धुतलेला सदरा, काखेत फडक्यात बांधलेली टिमकी. पोरवयापासून या दोन तालुक्यांत त्यांनी लग्ने वाजविली, पालख्या वाजविल्या, गणपती वाजविले. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते. ही योजना १९५४-५५ सालापासूनची आहे, हल्ली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून मानधन महिना ५,००० रुपये झाले आहे. हे त्यांनी कोठूनसे ऐकले होते. मी त्यांना घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो. कारकून भला माणूस होता. त्याने विचारले, "आजोबा, पुरावा काय आणलाय? पेपरातली कात्रणं, कार्यक्रमपत्रिका, प्रशस्तिपत्रक?" आजोबांनी फडके सोडले आणि टिमकी टेबलावर ठेवली.

टिमकी पुरावा म्हणून चालली नाही, हे सांगावयास नकोच. परत येताना एस.टी.त ते खिडकीबाहेर पाहात होते आणि मी मनाशी एकच हिशेब करीत होतो. या माणसाने आपल्या आयुष्यात किती हजार माणसांना नाचविले असेल! आणि त्याने ते केले असे सांगणारा कागदाचा कपटा या जगात नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला विषय विचारला तेव्हा मी कारखान्यांतल्या कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ढोलवाले सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि लिहून घेतले.

आपल्याकडच्या जुन्या वाद्यमेळाला खालूबाजा म्हणतात, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊकच आहे, मुलांसाठी सांगतो. सनई, ढोल, टिमकी आणि झांज, एवढाच त्याचा संसार. ढोलाचे खोड लाकडाचे, दोन्ही तोंडे चामड्याने मढविलेली. एका अंगाला टिपरू, दुसऱ्या अंगाला हात. टिमकी छोटी, कंबरेशी बांधलेली, दोन बारीक काठ्यांनी वाजविण्याची. पोरगे सात-आठ वर्षांचे झाले की त्याच्या हाती प्रथम झांज देतात. झांज म्हणजे या शाळेतली बिगारी. दोन-तीन शिमगे झांज वाजवून लय अंगात मुरली की टिमकी, आणि खांद्यात बळ आले की ढोल. शिकविणे असे काही नसतेच. चुकले की सनईवाला सनई तोंडातून न काढता डोळे वटारतो, तेवढीच शिकवणी.

कोकणची हवा या वाद्याची वैरीण आहे. चामडे सादळते, ढोल बसतो, त्याचा आवाज ओल्या गोणपाटासारखा होतो. म्हणून प्रत्येक वाजपापूर्वी पेंढ्याचा जाळ करून ढोल शेकावयाचा. किती जवळ धरावयाचा, किती वेळ फिरवावयाचा, हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. जरा जास्त झाले की पान तडकते आणि त्या दिवसाची कमाई जाळावरच जाते. आता प्लास्टिकची पाने आली, ती शेकावी लागत नाहीत. ती बरीही आहेत आणि वाईटही. बरी अशासाठी की पैसा वाचतो, आणि वाईट अशासाठी की त्यांचा आवाज कानात घुसतो, पोटात उतरत नाही. हे माझे मत. तरुण वाजविणारे मला हसतात.

या कामाला हंगाम असतो. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात, ती मृगापर्यंत. मध्ये महाशिवरात्रीच्या पाठोपाठ महाडात वीरेश्वराचा छबिना, गावोगावच्या पालख्या आणि सासनकाठ्या. मग शिमगा, पालखीबरोबर दारोदार. आषाढ-श्रावणात ढोल माळ्यावर आणि ढोलवाला लावणीच्या चिखलात. पुढे गणपती, नवरात्र. सारांश, वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तो शेतमजूर, हमाल किंवा गवंड्याच्या हाताखालचा माणूस असतो. जनगणनेचा मास्तर दारात येतो तेव्हा तो आपला धंदा 'मजुरी' असा सांगतो. त्यामुळे तो तेथूनही निसटतो.

आता थोडे मागे जाऊ. आपला तालुका रायगडाचा. गडावर राजसभेसमोर नगारखान्याचा दरवाजा आजही उभा आहे. शिवकाळच्या अठरा कारखान्यांत नगारखाना हा एक कारखाना मोजला जाई. ६ जून १६७४ रोजी तेथे नगारे झडले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. नगारा सर्वांच्या लक्षात राहतो. तो कोणी वाजविला, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. पोलादपुरात 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. कवीला समाधी मिळाली, ते योग्यच झाले. नगारा वाजविणाऱ्याला मिळाली नाही.

गडाखाली, गावात, गोष्ट निराळी होती. गावातले वाजविणे हे कारखान्यातले काम नव्हते, ते जातीच्या वाट्याला आलेले काम होते. देशावर पुष्कळ ठिकाणी हलगी मांगाकडे, देवळातले वाद्य कोठे गुरवाकडे, आणि कोकणात बऱ्याच गावी पालखीपुढचा नि लग्नातला बाजा महारांकडे. मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे बलुते, सणाला मिळणारा शिधा, आणि वर उपकाराची भाषा. ज्या पालखीपुढे वाजवावयाचे त्या पालखीला शिवावयाचे नाही. ज्या मांडवात सूर भरावयाचा त्या मांडवाबाहेर जेवावयाचे. अंगात ताप असला तरी जावयाचे, घरात मयत असले तरी जावयाचे. आमच्या कामगारांच्या भाषेत सांगावयाचे तर, यात मजुरी कमी होती हे दुसरे दुखणे. पहिले दुखणे हे, की 'येत नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती.

याच गावांतल्या माणसांनी वेतन घेऊन ढोल वाजविणारा माणूस प्रथम पाहिला तो मला वाटते पलटणीत. कंपनी सरकारच्या पलटणींत ढोलवाला हा हजेरीपटावरचा शिपाई असे. त्याला पगार असे, गणवेश असे. महाड, दासगाव, दापोली या पट्ट्यात लष्करातून परतलेले महार पेन्शनर पुष्कळ होते. रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. १८८८ साली त्यांचे 'विटाळविध्वंसन' प्रसिद्ध झाले. ज्याने पलटणीत पगार घेतला, हुकूम दिला आणि घेतला, त्याला गावात परत आल्यावर फुकटचा हुकूम झोंबावा यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तिच्याविरुद्ध वलंगकरांनी अर्ज लिहिले. आपण त्या अर्जांकडे मानाचा प्रश्न म्हणून पाहतो. तो रोजगाराचाही होता.

मग १९२७ साल उजाडले. १९ व २० मार्चला आपल्या महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. ही परिषद भरावी म्हणून ज्यांनी खटपट केली ते लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांत लाल बावट्याचे काम करीत राहिले. आमच्यासारख्यांचे ते पूर्वसूरी. तळ्याचे पाणी सर्वांच्या लक्षात आहे. पण त्या परिषदेत मेलेली जनावरे ओढणे, मृतमांस खाणे सोडण्याचेही आवाहन होते. पिढ्यान्‌पिढ्या अंगावर लादलेली कामे टाका, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. आणि गावकीची कामे टाकावयाची म्हटल्यावर बाजा त्यातून कसा सुटणार? त्याच साली २५ डिसेंबरला येथेच मनुस्मृतीचे दहन झाले.

येथे मी तुम्हांला घटकाभर महाडाबाहेर, दूर इंदूर संस्थानात नेणार आहे, कारण तिकडचा एक कागद आपल्या विषयावर लख्ख उजेड पाडतो. मनुस्मृती जाळल्याला दहा दिवस झाले असतील. ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक बातमी आली. इंदूर जिल्ह्यातल्या पंधरा-वीस गावांतल्या सवर्णांनी तेथील बलाई जातीच्या लोकांना फर्मान काढले होते: जरीकाठी पागोटी घालावयाची नाहीत, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालावयाचे नाहीत, आणि हिंदूंच्या लग्नांत, वरातीपुढे व लग्नाच्या वेळी, बलायांनी वाद्ये वाजविलीच पाहिजेत. पुढे आणखी एक कलम होते: अशी सेवा मोबदला न मागता करावी आणि जे देतील ते मुकाट घ्यावे. बलायांनी नकार दिला तेव्हा त्यांच्या विहिरी अडविल्या, गुरांचे चरणे बंद केले. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ही बातमी उद्धृत केली आहे. मी ती प्रथम वाचली तेव्हा पागोट्याच्या कलमाने चिडलो. दहा वेळा वाचल्यावर वाद्याच्या कलमाशी थांबलो. शेकडो वर्षे जे 'रूढी' म्हणून चालले होते ते कोणीतरी कागदावर मांडले, तेव्हा ते वेठबिगारीचे करारपत्र दिसू लागले. कामाची सक्ती, आणि मजुरी मागण्यास मनाई.

आपल्या भागात हे झटकन घडले नाही. १९२७ नंतर काही गावांनी कामे टाकली, काहींनी नाही. खोतीचा जाच होता, आणि ज्याची जमीन कसावयाची त्याच्याच लग्नात वाजविण्यास नकार देणे सोपे नव्हते. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा खोतीविरोधी मोर्चा मुंबईत कौन्सिलावर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले आणि देवाच्या पालखीचा संबंधच तुटला. १९५८ साली झालेल्या कायद्याने पुढच्या वर्षी महारवतने संपली. तीस वर्षांत एकेक दोर कापला गेला, आणि ढोल खांद्यावरून उतरला.

तो उतरला म्हणजे काय झाले? माझ्या लहानपणी शेजारच्या वाडीत दोन भाऊ होते. थोरल्याने धर्मांतरानंतर ढोल माळ्यावर टाकला, पुन्हा हात लावला नाही. त्या ढोलाचे एक पान फाटले होते आणि आत कोंबडी अंडी घालीत असे. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. धाकटा मुंबईस गेला आणि तेथे वाजवीत राहिला. शिमग्याला धाकटा घरी आला की दोघांचा वाद ठरलेला. थोरला म्हणे, "आमच्या बापाला या ढोलापायी शिव्या खाव्या लागल्या, तुला लाज कशी वाटत नाही?" धाकटा म्हणे, "दादा, शिव्या ढोलानं दिल्या व्हत्या काय?" त्या वयात मला धाकट्याचे पटे, कारण तो आम्हां पोरांना गोळ्या आणी. पुढे चळवळीत आल्यावर थोरल्याचे पटू लागले. आता दोघांचेही पटते. ढोल टाकणे हा त्या काळचा संप होता. आणि संपात कामगार आपले कामच थांबवितो, कारण त्याच्या हाती थांबविण्याजोगे दुसरे काही नसते. परंतु प्रत्येक संपाची किंमत असते. येथे ती अशी पडली की थोरल्याच्या बोटांतले सगळे ठेके त्याच्याबरोबर गेले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. पालखीपुढे ढोल नाकारणाऱ्या समाजाने वाद्य नाकारले नाही. १९३० नंतरच्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी तीच, हलगी तीच, पण आता ती आपल्या सभेला माणसे गोळा करीत होती. १४ एप्रिलला महाडात मिरवणूक निघते तेव्हा पुढे वाजविणाऱ्यांचे चेहरे पाहा.

पालख्यांपुढचा बाजा थांबला तरी पालख्या थांबल्या नाहीत. काही ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतःच ढोल उचलला, काही ठिकाणी पैसे मोजून बाहेरची पथके आणावी लागली. म्हणजे जे काम फुकट होते त्याला दर आला. आज खालूबाजाची पथके निरनिराळ्या समाजांची आहेत आणि सुपारी घेऊनच वाजवितात. हा बदल कोणी कायदा करून आणला नाही. नकार देणाऱ्यांनी आणला. ज्यांनी नकार दिला त्यांना त्या दराचा लाभ बहुधा झाला नाही, हा चळवळींच्या इतिहासातला नेहमीचा प्रकार.

आता मुंबईची बाजू. महाड-पोलादपूरचा ढोल मुंबईस गेला तो गिरणीच्या भोंग्याबरोबर. परळ-लालबागला गावच्या मंडळाची खोली, तीत पाळीप्रमाणे झोपणारी माणसे आणि खुंटीला टांगलेला ढोल. दिवसा साचेखात्यात कान बधिर करून घ्यावयाचे आणि संध्याकाळी गणपतीसमोर उरलेले वाजवावयाचे. त्या शहरात वाजविणाऱ्यापुढे दोन-तीन वाटा होत्या. एक लग्नाच्या बँडची. लष्करी बँडच्या नमुन्यावर एकोणिसाव्या शतकात हे बँड उभे राहिले; ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने त्यांच्यावर अख्खे पुस्तक लिहिले आहे. जुना लाल कोट, पितळी बटणे, पोटावर बिग ड्रम. दुसरी वाट सिनेमाची, पण ती फार अरुंद. मूळचे गोव्याचे दत्ताराम वाडकर तिच्यातून वर गेले. शंकर-जयकिशन यांच्याकडे तालाची बाजू त्यांनी सांभाळली आणि त्यांच्या ढोलकीच्या चालीला 'दत्ताराम ठेका' हे नाव कायमचे मिळाले. ते २००७ साली वारले. एका ठेक्याला वाजविणाऱ्याचे नाव लागले, ही आपल्या देशातली दुर्मीळ गोष्ट आहे. आमच्या टिमकीवाल्या आजोबांच्याही हातात एक ठेका आहे, तो पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात सगळे वाजवितात. त्याला म्हणतात 'लग्नाचा'.

तिसरी वाट बेंजोची. हे वाद्य जपानी; १९१२ साली नागोया शहरात तयार झाले, कळा असलेले तंतुवाद्य. फिरत फिरत आपल्याकडे आले, त्याला वीज जोडली गेली आणि कोकणी माणसाने ते असे उचलले की आज बेंजोवाचून हळद लागत नाही. बेंजोबरोबर ढोल, ताशा, ढोलकी लागते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना गिरणीत परत जाणे घडलेच नाही. गावी परतलेल्यांपैकी ज्यांच्या हातात ताल होता त्यांनी बेंजो पार्ट्या काढल्या. हौस होती ती पोट झाली. माझ्या वडिलांच्या पिढीत हे मी जवळून पाहिले. साच्यावरचा माणूस पन्नाशीत ताशा गळ्यात बांधतो तेव्हा त्याला हसणारे पुष्कळ भेटतात.

आता मजुरीचा हिशेब सांगतो, कारण तेथेच माझी फजिती झाली. सुपारी ठरली की इसार मिळतो. वाजवून झाल्यावर वाटे पडतात. मी पाहिलेल्या बहुतेक पथकांत वाद्यांच्या मालकाचे दोन वाटे, सनई किंवा बेंजोवाल्याचा दीड, ढोल-ताशा-टिमकीचा एकेक, झांजेच्या पोराचा अर्धा. टेम्पोचे भाडे आधीच वजा. वरातीत नोटा उडतात त्या कोणाच्या, यावर दर लग्नात एक भांडण. मी म्हटले, हे तर कारखान्याचेच चित्र आहे, संघटना झाली पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी चाळीसएक वाजविणाऱ्यांची सभा बोलाविली. दोन तास भाषण केले. शेवटी एक ताशेवाला उठला. म्हणाला, "साहेब, मालक म्हंजे माझा थोरला भाऊ. त्याच्यावर संप कसा करू? आणि लग्न माझ्या भाच्याचं, तिथं काम बंद कसं ठेवू?" सभा हसत हसत विसर्जित झाली. कारखान्याच्या दारावरचे शास्त्र मांडवाच्या दारावर जसेच्या तसे चालत नाही, हे मला त्या दिवशी कळले. अजून उत्तर सापडलेले नाही. पण निदान दर ठरवून घ्यावा, रात्री दहाला वाजप थांबले तरी पूर्ण सुपारी मिळावी, एवढ्या दोन गोष्टींवर काही पथके आता ठाम राहतात.

कानांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेता येत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या यंत्राच्या आवाजाने कामगार बहिरा झाला तर ते बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य समजले जाते, आणि आम्ही भरपाईसाठी भांडू शकतो. ताशेवाला बहिरा झाला तर त्याचा मालक कोण, हजेरीपट कुठे? पन्नाशीतल्या ताशेवाल्याशी बोलताना आपण ओरडतो, तो ओठांकडे पाहतो.

पुण्यात गेल्या काही दशकांत ढोल-ताशा पथकांची मोठी चळवळ झाली. शिकलेली मुले-मुली पांढरे सदरे घालून, भगवे फेटे बांधून हौसेने वाजवितात. महिनाभर संध्याकाळी तालीम करतात. मला ते आवडते. ज्या ढोलाला हात लावल्याने माणूस हलका ठरत होता तो ढोल डॉक्टरीण मुलगी कमरेला बांधते, हे लहान स्थित्यंतर नव्हे. पण तिला घरी जाऊन चूल पेटविण्यासाठी त्या वाजपाचे पैसे लागत नाहीत. आमच्या वाडीवरच्याला लागतात. ते पैसे किती अधांतरी आहेत हे २०२० साली दिसले. शिमगा कसाबसा झाला आणि टाळेबंदी लागली. लग्नांचा सगळा हंगाम गेला, गणपती मुक्याने आले नि गेले. त्याच्या पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला सावित्रीचा पूर महाडच्या घराघरांत शिरला. तळियेची दरड त्याच दिवसाची, तिच्यापुढे इतर कशाचा उल्लेख करू नये. तरी सांगतो: पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेल्या एका गल्लीत मी उन्हात ओळीने मांडून ठेवलेले सात ढोल पाहिले. पंचनाम्याच्या यादीत भांडी होती, धान्य होते, टी.व्ही. होता. ढोल कोणत्या रकान्यात घालावयाचा हे तलाठ्यास सुचेना. त्याने 'इतर' मध्ये घातले.

आता आजोबांच्या अर्जाकडे येतो. कात्रणे नाहीत, तेव्हा आम्ही साक्षी गोळा करावयाचे ठरविले. आजोबांना सालांची आठवण नाही, लग्नांची आहे. अमक्याची सून आली ते गिरणीच्या संपाचे साल, तमक्याची वरात पावसात भिजली ते मोठ्या मुलाच्या जन्माचे. असे आम्ही तीन पाने भरून लिहिले आणि त्या त्या घरच्या माणसांच्या सह्या घेतल्या. कारकुनाने पाने ठेवून घेतली, पण एखादा फोटो असता तर बरे, असे सुचविले. आम्ही घरोघरचे अल्बम काढले. नवरा-नवरी, मामा, करवल्या, जेवणाच्या पंगती, सगळे आहेत. वाजविणारे चौकटीबाहेर. शेवटी चाळीसएक वर्षांपूर्वीच्या एका लग्नाच्या फोटोत, नवरदेवाच्या घोड्यामागे, कडेला एक टिमकी आणि दोन हात सापडले. काठ्या वर उचललेल्या. आजोबांनी आपले हात लगेच ओळखले. कारकुनाने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "पण चेहरा दिसत नाही."

महाडकर मंडळींनो, तुमच्यांपैकी पुष्कळांच्या घरी १९७० ते १९९० मधल्या लग्नांचे अल्बम असतील. कृपा करून आज घरी गेल्यावर ते काढा आणि नवरा-नवरीकडे न पाहता कडेला पाहा. टिमकीवाला, ढोलवाला, ताशेवाला, ज्याचा चेहरा दिसत असेल असा एखादा फोटो सापडला तर मागे साल आणि गाव लिहून आमच्या कचेरीत आणून द्या. आम्ही नक्कल काढून घेऊ आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत करू.